टाळ वाजवत राहा म्हणणाऱ्या अण्णांना

तीर्थस्वरूप अण्णा,
साष्टांग नमस्कार.

तुमच्या पाया पडून आभार मानले असते तर तुम्ही लगेच माझ्याही पाया पडला असतात आणि ‘माउली, चला’ म्हणून पुढे निघाला असतात. म्हणून लिहिते आहे. सगळ्यांनी वाचावं असंच लिहिते आहे, कारण आमच्या घरात जे अडलं होतं ते गावोगावच्या घरांत अडलेलं असतं. आणि ते सोडवणारा माणूस प्रत्येक घराला मिळतोच असं नाही.

आप्पा, म्हणजे माझे वडील, आणि तात्या सख्खे भाऊ. वाटण्या झाल्या, पण सातबाऱ्यावर विहीर सामाईकच राहिली. तिच्या पाण्याच्या पाळीवरून बोलणं बंद झालं, ते कित्येक वर्षं. निरोप आम्हा पोरांकरवी जायचे: “तुझ्या काकाला सांग, आज लाइट रात्रीची आहे.” आणि आषाढी आली की दोघंही तुमच्याच दिंडीत. आप्पांच्या गळ्यात टाळ, तात्यांच्या गळ्यात पखवाज. पावली खेळताना दोघांची पावलं एका ठेक्यात पडायची, जेवायला मात्र पंगतीची दोन टोकं. दिंडीतल्या सगळ्यांना हे माहीत होतं आणि सगळ्यांनी ते मान्य करून टाकलं होतं. तुम्ही मान्य केलं नाहीत, ह्याचे पहिले आभार.

ज्यांनी माउलींच्या पालखीचा मुक्काम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. संध्याकाळी पालखी तळावर येते आणि सगळ्या दिंड्या भोवती उभ्या राहून टाळांचा गजर करतात. चोपदार हातातला दंड उंच करतात. त्यासरशी हजारो टाळ थांबतात. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती दिंडी टाळ थांबवत नाही, वाजवत राहते. मग चोपदार तिथे जातात, गाऱ्हाणं ऐकतात, त्याची तड लावतात. सापडलेल्या वस्तूंचा पुकारा होतो, उद्या कधी निघायचं ते सांगितलं जातं आणि मग समाजआरती. मला ही रीत फार मोठी वाटते. एवढ्या अफाट समाजात नाराज माणसाला नाराजी दाखवायची हक्काची वेळ आहे, जागा आहे. ‘माऊलीच्या दारात कसली तक्रार’ असं म्हणून कोणी त्याला गप्प करत नाही. आणि उद्याची वाट चालायच्या आधी, आजच ती ऐकली जाते.

हेच तुम्ही राहुटीत आणलंत. मी त्या वर्षी लोणंदपासून फलटणपर्यंत चालायला आले होते. लोणंदच्या मुक्कामी जेवणं झाल्यावर तुम्ही दोघा भावांना समोर बसवलंत आणि आप्पांच्या हातात टाळ देऊन म्हणालात, “तक्रार असंल तर वाजव. नसंल तर खाली ठेव आणि परत कधी उचलू नको.” आप्पा बराच वेळ तसेच बसून राहिले. मग टाळ वाजला.

पुढचं मी आयुष्यभर विसरणार नाही. आप्पा पाण्याबद्दल भडाभडा बोलले आणि तात्या उत्तर द्यायला सरसावले, तेव्हा तुम्ही त्यांना अडवलंत. “तुझं नंतर. आधी दादा काय म्हणाला ते तू सांग.” तात्या म्हणाले, “दादा म्हणतोय, त्याला पाणी कमी पडतंय.” तुम्ही आप्पांकडे पाहिलंत. “हेच का?” आणि आप्पा म्हणाले, “नाही.” त्यांचं त्यांनाच नवल वाटल्यासारखं म्हणाले. “पाण्याचं नाही. नवी मोटर बसवली तेव्हा सगळ्या गावाला कळलं. मला हाक मारली नाही.”

ज्यानं स्वतःची शाळा सोडून धाकट्याला शिकवलं, त्याला मोटर बसवताना हाक मारली नाही. एवढं एक वाक्य इतकी वर्षं पाण्याखाली होतं.

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५५च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तिचा गाभा मी वर्गात दर वर्षी समजावते. इच्छा असणं निरोगी आहे. त्या इच्छेचा ‘झालंच पाहिजे’ असा हट्ट झाला आणि त्यावर माणूस स्वतःची किंमत लावू लागला की दुखणं सुरू होतं. तुम्ही एलिस वाचलेला नाही. पण त्या रात्री आप्पांना तुम्ही जे सांगितलंत ते ह्याहून वेगळं नव्हतं. थोरल्याला विचारावं असं वाटणं रास्त आहे, असं तुम्ही आधी म्हणालात. अहंकार सोड, असं म्हणाला नाहीत. मग विचारलंत, “त्यानं हाक मारली नाही म्हणून तू थोरला राहिला नाहीस का?” आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं ते ह्या प्रश्नाला.

‘अहंकार मारून टाका’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यानं माणूस शरमतो आणि दुखणं आणखी आत ढकलतो. तुम्ही आप्पांच्या ‘मी’ला बसायला जागा दिलीत, त्याचं ऐकलंत आणि मग त्याला त्याचं माप दाखवलंत. पाण्याचं काम वेगळं ठेवलंत. ते तासांत मोजता येतं, म्हणून कागदावर पाळ्या लिहून घेतल्यात. मनाचं काम कागदावर आणलं नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोघांना एकमेकांच्या पाया पडायला लावलं नाहीत. लोक बघत असताना घडवून आणलेला समेट घरी पोचेपर्यंत टिकत नाही, हे तुम्हाला ठाऊक असणार. दुसऱ्या दिवशी चांदोबाच्या लिंबाजवळ उभं रिंगण झालं, घोडा धावून गेला, आणि त्यानंतर तात्यांनी आपण होऊन आप्पांना पाण्याची बाटली दिली. “दादा, घे,” एवढंच म्हणाले.

अजून एका गोष्टीचे आभार, जिच्याबद्दल कोणी बोलत नाही. तुम्ही आईलाही विचारलंत, “तुमचा टाळ कुठाय?” इतकी वर्षं आई आणि काकू मागच्या दारानं कोरड्यासाच्या वाट्या देत-घेत होत्या. नातं त्यांनीच जिवंत ठेवलं होतं, तेही चोरून. आई म्हणाली, “मला जावेला समोरच्या दारानं बोलवायचंय.” पुरुषांचं भांडण मिटलं की बायकांचं आपोआप मिटलं असं धरलं जातं. तुम्ही तसं धरलं नाहीत.

हार्वर्डमध्ये १९३८ साली सुरू झालेला एक अभ्यास आहे. हार्वर्डचे विद्यार्थी आणि बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतली मुलं, अशा ७२४ जणांचं पुढचं अख्खं आयुष्य त्यात नोंदलं गेलं. पन्नाशीत जे आपल्या नात्यांत समाधानी होते, ते ऐंशीत सर्वांत धडधाकट निघाले. मला त्यातली दुसरी एक नोंद जास्त मोलाची वाटते. म्हातारपणी रोज कुरबुरणाऱ्या जोडप्यांचीही स्मरणशक्ती त्या कुरबुरींनी बिघडत नव्हती, अडीअडचणीला हा माणूस आपल्यामागे उभा राहील अशी खात्री असली की झालं. आप्पा-तात्या आताही भांडतात. परवाच ठिबकच्या नळ्यांवरून आवाज चढले होते. पण आता एकमेकांशी भांडतात, आमच्यामार्फत नाही. आणि आप्पांना अंगात ताप होता त्या रात्री त्यांची पाळी तात्यांनी धरली. कोणी सांगायला गेलं नव्हतं.

तुमचे गुडघे कुरकुरतात असं कळलं. कार्तिकीआधी चार दिवस आमच्याकडे या, तात्या गाडी घेऊन येतील. काकूनं तुमच्यासाठी शाळूचं पोतं निवडून ठेवलंय. उतरायचं कुणाकडे ह्यावर दोघा भावांचा वाद चालू आहे, तेवढा येऊन मिटवा.

तुमची,
आप्पांची थोरली लेक