किंमत आधी दिसू दे

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

केळीवाल्यांच्या हिशोबाच्या वहीची तुझी वेबसाइट पाठवलीस त्या रात्री तुझी आई आणि मी ती दोनदा बघितली. फोनवर छान म्हणालो, ते मनापासूनच. पण खटकलं ते सांगा असं तू विचारलं होतंस, म्हणून निवांत लिहितो.

काल मळ्यात शेजारच्या काकांच्या हातात मोबाईल दिला. त्यांची कापणी चालू होती, बोटं केळीच्या चिकानं काळी झालेली. मी काही समजावलं नाही, नुसता बघत बसलो. उन्हात तुझी फिकट करडी अक्षरं त्यांना दिसेनात, तेव्हा ते उठून टाकीच्या सावलीत गेले. बराच वेळ पान वर-खाली सरकवलं आणि विचारलं, "याले किती पैसे लागतीन?" किंमत कुठेच नव्हती. मग 'गेट स्टार्टेड'वर बोट नेलं आणि मागे घेतलं. "हे दाबलं तं पैसे कटतीन का?" ताई, जन्मभर केळी केलेला माणूस एका बटणापाशी अडला. तिथे मराठीत लिही, 'वापरून बघा, आत्ता पैसे लागत नाहीत.'

मग मी स्वतः पुढे गेलो. नाव, गाव, नंबर भरल्यावर दोन एकरांपर्यंत महिना ४९९ रुपये दिसले. शेवटच्या पानावर १८ टक्के जीएसटी धरून ५८८ रुपये ८२ पैसे. तिथे मला वाईट वाटलं. तू नववीत होतीस तेव्हा एका व्यापाऱ्यानं भाव एक ठरवला आणि माल गाडीत भरल्यावर दुसराच लावला. त्या रात्री घरात कोणी धड जेवलं नव्हतं. तुझ्या मनात तसं काही नाही हे मी जाणतो, पण अनोळखी शेतकऱ्याला ते तसंच वाटणार. जीएसटीसकट पूर्ण रक्कम पहिल्याच पानावर टाक.

आणि आपल्याकडे महिन्याच्या महिन्याला पैसा येतो कुठे? केळीचं टिश्यूचं, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेलं रोप लावल्यावर कापणीला अकरा-बारा महिने जातात. तुझे वर्षाचे ७,०६६ होतात. ते कापणीवर घे, पावसाळ्याच्या सुरुवातीला लावणाऱ्या मृगबागवाल्याचे वेगळ्या वेळी, पावसाळ्याच्या शेवटी लावणाऱ्या कांदेबागवाल्याचे वेगळ्या.

एकराचा हिशोबही बदल. रावेर-यावलकडे बाग विचारली की 'पाच हजार खोड', म्हणजे केळीची झाडं, असंच उत्तर येतं. ५ बाय ५ फुटांवर एकरी १,७४० च्या आसपास खोडं बसतात, ६ बाय ५ वर १,४५०. मग एकरावर एकच दर कसा बसणार? हजार खोडांमागे ठेव, प्रत्येकाला आपला आकडा तोंडी काढता येईल.

स्वस्त कर असं मी म्हणत नाही. पावतीचा फोटो काढला की वजन, भाव, वजावट आपोआप वहीत चढते, ते बघून काका पहिल्यांदा हसले. त्यांनी घरी जाऊन मागच्या तीन पावत्या आणल्या. आणि तेच तू सगळ्यात खाली ठेवलं आहेस! ते वर घे, आणि त्या परक्या बागेच्या फोटोच्या जागी आपला बांध दिसू दे. फोटो मी काढून पाठवतो.

बदल केलेस की आधी मला कळव. काकांची कापणी अजून चार दिवस आहे, त्यांच्याच मोबाईलवर भर दुपारी उघडून बघू.

तुझे आप्पा