कूलरपासून कुरडईपर्यंत: भाऊ-वहिनींना आभाराचं पत्र

आदरणीय भाऊ आणि वहिनी,

सप्रेम नमस्कार.

मोबाईलवर व्हिडिओतून दुरुस्ती शिकवणारे पुष्कळ आहेत, स्वयंपाक शिकवणारे त्याहून जास्त. तरी हे पत्र तुम्हा दोघांनाच लिहितो आहोत. बाकीचे ‘हे इथं जोडा, झालं’ म्हणून मोकळे होतात. तुम्ही आधी बिघाडाची खूण दाखवता, मग कारण सांगता आणि पेचकस सगळ्यात शेवटी हातात घेता. वहिनींचंही तेच. किती मिनिटं शिजवायचं यापेक्षा शिजलं हे कशावरून ओळखायचं, यावर त्यांचा जोर. पूर्णा नदीच्या काठावरच्या गावांना नेमकं हेच पाहिजे होतं. तुमच्या शहरात २३० व्होल्ट मिळत असेल. इथं संध्याकाळी सगळ्यांचे कूलर सुरू झाले की १६०-१७० वर येतं. तुमचं पाणी गोडं, आमचं खारपाणपट्ट्यातलं. मे महिन्यात पारा ४५ ला टेकलेला. दुसऱ्याच्या घरचं माप इथं जसंच्या तसं लागू पडत नाही, पण कारण समजलं की ते आपल्यापुरतं बसवून घेता येतं.

पंख्याचंच घ्या. पंखा हळू फिरतो म्हटलं की जो तो सांगतो, कॅपेसिटर बदला. तुम्ही आधी विचारता, व्होल्टेज किती? मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबानं कमी होतो. २३० चे १६० झाले की जोर निम्म्याच्याही खाली जातो. तेव्हा नवा कॅपेसिटर टाकून काही उपयोग नाही. रात्री उशिरा, लोड उतरल्यावर, तोच पंखा नीट फिरत असेल तर त्याला हात लावायचं कामच नाही. रात्रीही हळू असेल, किंवा नुसता घुमत असेल आणि काडीनं ढकलल्यावर फिरायला लागत असेल, तर मात्र कॅपेसिटर गेला. मेन बंद करून पातं हातानं फिरवून सोडलं आणि एक-दोन फेऱ्यांतच अडकल्यासारखं थांबलं, तर दोष बेअरिंगचा.

घरच्या छताच्या पंख्याला बहुधा २.५ एमएफडीचा (मायक्रोफॅरडचा), ४४० व्होल्टचा कॅपेसिटर लागतो. ‘वारा जास्त येतो’ म्हणून ४ चा टाकून देणारे गावोगाव सापडतात. त्यानं स्टार्टिंगच्या वाइंडिंगमधून जादा करंट जातो, पंखा तापतो आणि वाइंडिंगचं आयुष्य कमी होतं. तारांच्या रंगांवर जाऊ नका, कंपनीगणिक रंग बदलतात, हे तुम्ही बजावून सांगता ते फार बरं करता. नवा बसवल्यावर पंखा उलटा फिरला, तर कॅपेसिटरच्या ज्या टोकाला लाइन दिली आहे तिथून काढून दुसऱ्या टोकाला द्यायची, बस. एवढ्यासाठी पंखा उतरवून तालुक्याला न्यायची गरज उरली नाही.

आता कूलर. या एका विषयासाठी तुमचे जेवढे आभार मानावे तेवढे थोडे. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरच्या शॉकनं माणसं, त्यातही लेकरं आणि बाया, दगावल्याच्या बातम्या येतात. पत्र्याचं अंग, खाली पाणी, ओली जमीन आणि अनवाणी पाय. त्यात पंपाच्या आतलं इन्सुलेशन तडकलं की करंट पाण्यात आणि पत्र्यावर उतरतो. कूलरला तीन पिनांचा प्लग असतो खरा, पण भिंतीतल्या सॉकेटच्या वरच्या मोठ्या, अर्थिंगच्या भोकाला मागं तारच नसते. कुठं प्लग तोडून दोन तारा आगपेटीच्या काड्यांनी सॉकेटमध्ये खोचलेल्या. तुम्ही त्या रिकाम्या भोकाचा स्विचबोर्ड उघडून दाखवलात, ते पाहून कितीतरी घरांनी आपापले बोर्ड उघडून पाहिले.

त्या व्हिडिओतल्या दोन गोष्टी आमच्याकडच्या जाणत्या वायरमन लोकांनाही पटवाव्या लागतात. पहिली, अर्थिंग नाही म्हणून न्यूट्रललाच अर्थच्या पिनेशी जोडून देणं. लाइन चालू असते तोवर काही होत नाही, म्हणून लोकांना वाटतं जमलं. खांबावरून येणारा न्यूट्रल तुटला किंवा ढिला झाला की त्याच क्षणी कूलरचा सगळा पत्रा जिवंत होतो. दुसरी, एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारं बटण) आहे म्हणजे शॉक बसणार नाही हा समज. ६ किंवा १६ अँपिअरची एमसीबी तारा जळण्यापासून वाचवते. माणसाचा जीव घ्यायला त्याहून कितीतरी कमी करंट पुरतो, तेवढ्यानं एमसीबी जागची हलतही नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) पाहिजे, आणि त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो का पाहायला पाहिजे. तो पडला नाही तर तो भिंतीवरची शोभा आहे.

अर्थिंगच्या खड्ड्याचंही तुम्ही आमच्या मातीप्रमाणे सांगितलंत. अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, हे सगळेच सांगतात. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, माती पाइपला सोडते आणि नेमकी कूलरच्या दिवसांत अर्थिंग कमजोर होते, हे कोणी सांगत नाही. म्हणून मार्चपासून खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी. अर्थिंग तपासायला १०० वॅटचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये लावून पाहतात; मिणमिणला तर अर्थिंग नावापुरती, पण पूर्ण उजेड पडला म्हणजे अर्थिंग चांगलीच, असं नक्की म्हणता येत नाही. हे काम ज्याला फेज ओळखता येतो त्यानंच करावं, हेही तुम्ही तिथंच सांगून टाकता. आरसीसीबी लावलेला असेल तर बल्ब लावताच तो पडेल, त्याला बिघाड समजू नये.

आणि पाणी भरताना नुसतं बटण बंद न करता प्लग उपसून काढायचा, यामागचं कारण तर सोन्यासारखं. जुन्या घरांत फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असतात. तिथं बटण न्यूट्रल तोडतं, फेज पंपापर्यंत तसाच उभा असतो. दिसायला कूलर बंद, हात लावला की झटका.

बाकी कूलरची कामं सोपी. पंप कोरडा चालला की जळतो, कारण तो थंड राहतो तो भोवतीच्या पाण्यानंच. खारं पाणी असलं की गवतावर पांढरा थर बसतो, वरच्या नळीची भोकं बुजतात आणि गवत अर्धं ओलं, अर्धं कोरडं राहतं. वारा गरम येतो तो बहुतेक वेळा यामुळंच. तारेनं भोकं मोकळी करायची, टाकीतलं पाणी चार-पाच दिवसांनी पूर्ण सोडून द्यायचं, कारण उडतं ते पाणी आणि क्षार मागं साचत जातात. कूलर खोलीच्या आत ठेवून दारं लावून घेतली तर तासाभरात अंग चिकचिक करतं. त्याला मागून कोरडी हवा आणि समोरून निघायला खिडकी पाहिजे. टाकीच्या भोकांना एमसील (दोन भाग मळून लावायची लांबी) लावण्याबद्दल मात्र आमचं थोडं वेगळं मत आहे. सुईएवढं भोक असेल तर गंज खरडून, कोरडं करून, दोन्ही भाग सारखे मळून लावावं, टिकतं. पत्रा बोटानं दाबल्यावर लवत असेल तर लावू नये. तिथं नवा पत्राच टाकावा. ओल्या पत्र्यावर तर ते धरतच नाही.

कवेलू (कौलं) काढून टिन टाकणाऱ्या घरांना तुमचा छपराचा व्हिडिओ उपयोगी पडला. स्क्रू नेहमी पन्हाळीच्या (पत्र्याच्या नागमोडी वळणाच्या) उंचवट्यावर मारायचा, खोलगट भागात कधीच नाही, कारण पाणी तिथूनच वाहतं. बाजूचा पत्रा दीड पन्हाळ चढवायचा, लांबीला सहा इंच. आणि पत्रे पूर्वेच्या टोकापासून टाकत पश्चिमेकडे यायचं, म्हणजे जोडाचं तोंड पावसाळी वाऱ्याकडे येत नाही. इथं वादळात टिनं उडतात ती बरेचदा याच चुकीनं.

वहिनी, आता तुमच्याकडे वळतो. बचत गटाच्या बायांना कुरड्या काही नव्या नाहीत. पण गोडं पाणी, खारं पाणी, फाल्गुनातलं ऊन आणि वैशाखातलं ऊन यांनी चीक दरवेळी वेगळा वागतो, आणि ‘तीन दिवस गहू भिजवा’ एवढ्यावर भागत नाही. गहू तीन दिवस भिजवायचा, पाणी रोज बदलायचं, हे खरंच. पण भिजला हे ओळखायचं दाणा चिमटीत दाबून. पांढरं दूध सुटलं आणि टरफल रिकामं हातात राहिलं की वाटायला घ्यायचा, मग दिवस कितवा का असेना. ऊन कडक असलं तर ही खूण लवकर येते. पाणी बदलायचं चुकलं की आंबूस वास शेवटपर्यंत जात नाही.

वाटून, पिळून, पातळ फडक्यातून दोनदा गाळायचं. चोथ्याचा कण राहिला तर कुरडई लालसर होते आणि तळताना फुलत नाही. गाळलेलं रात्रभर हलवायचं नाही. सकाळी वरचं पिवळट पाणी अलगद ओतून टाकायचं, खाली बसलेला घट्ट चीक वाटीनं मोजायचा. जेवढ्या वाट्या चीक, तेवढ्याच वाट्या पाणी गंजात (पातेल्यात) उकळायला ठेवायचं. मीठ चवीला कमी वाटेल एवढंच, वाळल्यावर ते पुढं येतं. आणि पाणी खारं असेल तर आणखी कमी. पाणी खळखळलं की आच बारीक, चीक बारीक धारेनं सोडायचा, दुसऱ्या हातानं सराटा (उलथनं) सतत फिरता. धार मोठी पडली की गाठी होतात आणि त्या मग साच्यात अडकतात.

झाकण ठेवून दहा-बारा मिनिटं वाफ. इथं तुम्ही कॅमेरा गंजाच्या अगदी जवळ नेता ते दृश्य आमच्या बाया थांबवून थांबवून पाहतात: पांढरा, मंद दिसणारा चीक हळूहळू पारदर्शक होतो, त्याला चमक येते, कडेनं सुटतो. ओला हात लावला तर बोटाला चिकटत नाही. यापूर्वी उतरवला तर कच्चा राहतो, आणि कच्च्या चिकाची कुरडई वाळल्यावर भुगा होते. उन्हाला, गव्हाला, साच्याला दोष देतात. निम्म्या वेळा दोष आचेचा असतो. साच्यात गरम असतानाच भरायचा, थंड झाला की दाबताना हात भरून येतात आणि तार तुटते.

गोळाभातावर थोडक्यातच लिहितो, कारण तो बिघडायची कारणं तीनच. बेसन बारीक घेतलं, मोहन घातलं नाही, किंवा गोळे घट्ट वळले. चण्याच्या डाळीचा भरडा एक वाटी, दोन चमचे तेल, तिखट, हळद, हिंग, ओवा, मीठ, चिरलेला सांबार (कोथिंबीर), आणि पाणी मुठीत बांधलं जाईल इतपतच. दोन वाट्या जुन्या तांदळाला पाच वाट्या पाणी; नवा तांदूळ असेल तर चारच. भातावरचं पाणी आटून भोकं दिसायला लागली की गोळे वर ठेवायचे, हलवायचं नाही, झाकून बारीक आचेवर पंधरा मिनिटं. आधी टाकले तर विरघळतात, उशिरा टाकले तर आत कच्चे. पानात गोळा फोडायचा आणि वरून मोहरी, हिंग, लाल मिरचीचं कडकडीत तेल. तेलाला हात आखडणाऱ्यांनी हा भात करूच नये, असं तुम्ही म्हणालात, ते सगळ्या गटाला पटलं.

दोन तक्रारीही मांडतो, रागावू नका. भाऊ, मीटरवरचं रीडिंग तुम्ही अर्धा सेकंद दाखवता. इथल्या नेटवर्कवर तेवढ्यात चित्र धूसर असतं. आकडा तोंडानं बोलत जा. आणि वहिनी, मागचं संगीत जरा हळू ठेवा, मापं ऐकू येत नाहीत. ज्यांना खाली लिहून आलेलं वाचता येत नाही, त्या आज्या कानावरच विसंबून असतात.

पुढं जमलं तर इन्व्हर्टरच्या बॅटरीवर करा. पाणी कोणतं घालायचं यावरून इथं घरोघरी वाद आहे आणि बोअरचं घालणारे कमी नाहीत.

कळावे, लोभ असावा.

आपले,
वाइंडिंगच्या दुकानातले आणि बचत गटातले आम्ही सगळे,
पूर्णाकाठ, जि. अकोला

ता. क. मिक्सरचं कपलर (ज्यावर भांडं बसतं ती चकती) काढण्याचा व्हिडिओ पुन्हा टाका. बहुतेक मिक्सरांत त्याचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवल्यावर सुटतं. लोक सवयीनं उलट्या दिशेला जोर लावतात, कपलर आणखी आवळतं आणि शेवटी छिन्नी-हातोडी घेऊन मोटारीचा दांडाच वाकवून आणतात.