तात्या, यंदाचे सगळे कार्यक्रम सकाळी दहाला

तीर्थस्वरूप तात्यांस,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात द्यायचं सोडून सगळ्यांसमोर लिहितोय, त्याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा टाकू का?" म्हणता आणि विषय तिथंच मिटतो. गेल्या महिन्यात दोनदा असं झालं. म्हणून आता लिहूनच टाकतो. तुम्ही रोज पेपर टाकता त्या लाइनवरची माणसं वाचतील, पहाटे पेपरचे गठ्ठे येतात त्या सेंटरवरची पोरं वाचतील, आणि तुम्हाला वाचून दाखवतील.

परवा पत्रकार संघाची बैठक झाली. ऑक्टोबर ते मे असं पुढचं सगळं वेळापत्रक तासाभरात ठरलं. सामाजिक उपक्रम कोणते, साहित्याचे कार्यक्रम कोणते, कुणी काय बघायचं, सगळं. बैठक संपल्यावर मी वही चाळत बसलो, तेव्हा लक्षात आलं की त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ तुमच्या कुठल्या ना कुठल्या बोलण्यातून आलेली आहे. तुम्ही संघाचे सभासदही नाही. तुम्ही पेपर टाकता, आणि आम्ही पेपरात लिहितो. एवढ्याशा फरकानं इतकी वर्षं तुम्हाला बैठकीत बसवलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

वेळेचंच घ्या. तीन वर्षांपूर्वी २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचं कविसंमेलन आपण संध्याकाळी सहाला ठेवलं होतं. कवी आठ आणि ऐकणारे अकरा. जतहून एक शिक्षक एसटीनं आले होते, दोन कविता म्हणून परतीच्या गाडीला पळाले. तुम्ही शेवटच्या रांगेत बसला होता. नंतर खुर्च्या आवरायला लागलात आणि एकावर एक रचत रचत म्हणालात, "सहा म्हणजे तुमची पेपरची पानं लागायची वेळ. पेपरात काम करणारा येणार नाही. आणि पेपर टाकणारा नऊला झोपतो, त्याला तीनला उठायचं असतं. मग कार्यक्रम ठेवलाय कुणासाठी?"

मी तेव्हा जरा तोडूनच बोललो होतो. साहित्याचे कार्यक्रम संध्याकाळीच होतात, असं काहीतरी. घरी आल्यावर मात्र तुमचं म्हणणं डोक्यातून जाईना. खरंच, त्या दिवशी आमचेच अर्धेअधिक सभासद बातमी पाठवायच्या गडबडीत होते. मी स्वतः दोनदा उठून बाहेर फोनवर बातमी सांगितली होती. पुढच्या पत्रकार दिनाला आम्ही गुपचूप वेळ बदलली. सकाळी दहा. तुमची लाइन साडेसात-आठला उरकते, आमच्या बातम्या दुपारनंतर सुरू होतात. सभागृह भरलं आणि मागं सतरंज्या टाकाव्या लागल्या. विक्रेते आले, त्यांच्या बायका आल्या, कॉलेजची मुलं आली. त्या दिवसापासून आमच्याकडं 'दहाला' म्हटलं की सकाळचेच दहा.

त्याच कार्यक्रमात तुम्ही एक प्रश्न विचारलात. व्याख्याते बाळशास्त्री जांभेकरांबद्दल छान बोलले होते. ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत 'दर्पण'चा पहिला अंक निघाला, मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी, आधी पाक्षिक आणि मग साप्ताहिक, म्हणून आपण या दिवशी पत्रकार दिन पाळतो, हे सगळं झालं. शेवटी 'कुणाला काही विचारायचं आहे का' म्हटल्यावर तुम्ही उभे राहिलात. "तो अंक लोकांच्या दारात कोण नेऊन टाकत होतं?" सगळे एकमेकांकडं बघायला लागले. तात्या, आम्ही दरवर्षी संपादकाचा फोटो पूजतो, छापखान्याची आठवण काढतो, आणि छापलेला कागद उंबऱ्यापर्यंत पोचतो कसा हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही कधी पडला नव्हता. येत्या ६ जानेवारीचा परिसंवाद त्यावरच आहे. गठ्ठ्यापासून उंबऱ्यापर्यंत. बोलणाऱ्यांत दोन विक्रेते आहेत, पार्सल गाडी चालवणारा एक ड्रायव्हर आहे, आणि सुरुवात तुम्ही करायची आहे. नाही म्हणू नका. भाषण करू नका, फक्त पहाटे सेंटरवर काय काय होतं ते सांगा.

आता पुराचं. यावर आपण दोघं कधी नीट बोललोच नाही.

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. मारुती चौकाजवळचं आपलं ऑफिस तळमजल्यावर. कपाटाचे खालचे दोन कप्पे म्हणजे संघाची सगळी इस्टेट: जुने दिवाळी अंक, सभासदांनी जपून आणून दिलेल्या बांधीव फायली, इतिवृत्ताच्या वह्या. पाणी ओसरायला लागलं तेव्हा आम्ही सगळे बातमीच्या मागं. कुठं माणसं अडकली, कुठं पंचनामे सुरू झाले, कुठं धान्य पोचलं नाही. ऑफिसची आठवण कुणालाच नव्हती. तुमच्या गावभागातल्या घरात गुडघाभर गाळ होता. तरी तुम्ही शेजारच्या दुकानातून किल्ली घेतली आणि दार उघडून आत गेलात.

मी पाचव्या दिवशी पोचलो. गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये तुम्ही मांडी घालून बसला होता. समोर अंक उभे करून ठेवलेले, पानं पंख्यासारखी किंचित उघडलेली. एकेका अंकात आठ-दहा पानांनंतर कोरा कागद सरकवत होता. मी विचारलं, हा कागद कुठला? तर मिरजेकडच्या एका छापखान्यातून रिळाचा उरलेला कोरा न्यूजप्रिंट मागून आणला होता. छापलेली रद्दी घातली तर तिची शाई ओल्या पानाला लागते, हे तुम्ही मला सांगितलंत. उन्हात ठेवायचं नाही, कागद वाकडा होतो आणि पिवळा पडतो. ओलं पान ओढायचं नाही. पाणी प्यालेला कागद सकाळ-संध्याकाळ बदलायचा. गुळगुळीत कागदाची चिकटलेली मुखपृष्ठं तुम्ही तशीच ठेवलीत. "ओढली तर चित्र जाईल, राहू देत जोडीनं," म्हणालात.

इतिवृत्ताच्या वह्यांपाशी तुम्ही जरा थांबला होता. शाईच्या पेनानं लिहिलेली पानं धुऊन गेली होती, नुसता निळसर ढग उरला होता. बॉलपेननं लिहिलेलं मात्र जसंच्या तसं. संघाच्या पहिल्या काही वर्षांचं कामकाज त्या निळ्या ढगात गेलं. तुम्ही ते पान माझ्याकडं वळवून दाखवलंत आणि काही बोलला नाहीत. आम्ही रोज शब्दांवर जगणारी माणसं. तरी ते शब्द वाचवायला जायचं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं.

अठरा दिवस तुम्ही ते केलंत. पहाटे लाइन, मग घरातला गाळ, मग गच्ची. साठच्या वर दिवाळी अंक वाचवलेत. यंदा त्यांचंच प्रदर्शन आहे, दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तिथपासूनची ओळख भिंतीवरच्या तक्त्यांवर असेल आणि टेबलांवर हे अंक. आमच्यातल्या काहींचं म्हणणं होतं, डाग पडलेले अंक मांडायचे नाहीत, चांगले तेवढेच ठेवू. मी बैठकीत हट्टानं सांगितलं की सगळे मांडायचे. प्रत्येक अंकाच्या कडेला गाळाची जी तपकिरी रेघ आहे तीही सांगलीचीच आहे. ती बघून लोक आपापल्या घरातल्या पुस्तकांबद्दल बोलायला लागतील, आणि मला ते ऐकायचं आहे.

पाच नोव्हेंबरचा कार्यक्रम तुम्हाला आवडेल. १८४३ मध्ये याच तारखेला विष्णुदास भाव्यांनी इथं सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, म्हणून साऱ्या महाराष्ट्रात हा दिवस रंगभूमी दिन. गावात त्या दिवशी नाटकवाल्यांची गर्दी असतेच. आम्ही म्हटलं, आपण पत्रकारांनी आपला धागा धरावा. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीतच जन्मले, १८७२ साली. त्यांची नाटकं सगळ्यांना माहीत. पण ते टिळकांबरोबर 'केसरी'त होते, १९२३ मध्ये 'नवाकाळ' त्यांनी काढला, हे मुलांना सांगावं लागतं. १९०७ चं त्यांचं 'कीचकवध' बघताना लोकांना कीचकात व्हाइसरॉय राहिलेला लॉर्ड कर्झन दिसला, आणि १९१० मध्ये सरकारनं नाटकावर बंदी घातली. अग्रलेखात जे लिहिता येईना ते त्यांनी रंगमंचावर म्हटलं. त्यातला एक प्रवेश आमचेच सभासद वाचणार आहेत. तुम्ही मागं म्हणाला होता की तुमचे वडील नाट्यपदं म्हणत लाइन टाकायचे. त्यातलं एखादं आठवत असेल तर त्या दिवशी म्हणा.

संक्रांतीला औदुंबरला जायचंय. सदानंद साहित्य मंडळाचं संमेलन कृष्णाकाठी दरवर्षी संक्रांतीलाच भरतं, कवी सुधांशूंचं ते गाव. आम्ही पत्रकार तिथं जातो ते बातमीपुरते. उद्घाटन झालं, फोटो काढला की परत. यंदा संघातर्फे गाडी करतोय. दिवसभर थांबायचं, दत्ताचं दर्शन घ्यायचं, तिळगूळ खायचा आणि शेवटची कविता ऐकूनच उठायचं. तुमच्या दोन जागा धरल्या आहेत, काकूंसह.

रक्तदान शिबिराचंही तुमच्यामुळंच बदललं. पहिल्या वर्षी पेपर टाकणारी सात-आठ पोरं लाइन संपवून थेट आली होती. पहाटे तीनपासून पोटात फक्त चहा. एकाला खुर्चीतच भोवळ आली. तुम्ही त्याला आडवं केलंत, पाय उशीवर घेतलेत, बाकीच्यांना रांगेतून बाहेर काढलंत आणि समोरच्या गाड्यावरून पोहे मागवलेत. खाल्ल्याशिवाय कुणी हात पुढं करायचा नाही, असा दमच दिलात. आता शिबिराच्या दारात नाश्ता असतो आणि मगच नोंदणी. अठरा वर्षं पूर्ण आहेत का, वजन किमान ४५ किलो आहे का, मागच्या रक्तदानाला पुरुषाचे तीन आणि बाईचे चार महिने झालेत का, हे सगळं पोहे खाता खाता विचारून होतं. आणि यंदा शिबिर जानेवारीत नाही, मे महिन्यात. कॉलेजं बंद असतात तेव्हा रक्ताची टंचाई जाणवते, आणि मिरजेच्या दवाखान्यांत तर पार कर्नाटकातूनही रुग्ण येतात. जानेवारीत कार्यक्रम शोभतो, मे महिन्यात गरज असते. मला दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं.

आणि सगळ्यांत आधी येतो तो १५ ऑक्टोबर. डॉ. अब्दुल कलामांचा जन्मदिवस. सरकार तो वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतं. तुम्ही विक्रेते तो आपला दिवस मानता, कारण रामेश्वरमला लहानपणी कलामांनीही पेपर विकले होते. इतकी वर्षं आम्ही त्या दिवशी तुमच्यापैकी कुणाला तरी बोलावून शाल आणि नारळ द्यायचो. गेल्या वर्षी ती शाल घडी करताना तुम्ही हळूच म्हणालात, "आमच्यातल्या निम्म्यांना चाळिशी लागलीय. पहाटे खांबाच्या उजेडात पेपरात पुरवण्या भरायच्या म्हणजे नुसत्या अंदाजानं भरायच्या. चष्मा दिलात तर रोज उपयोगी पडेल."

तात्या, संघानं ठराव केलाय. यंदा एकही शाल नाही, हार नाही, स्मृतिचिन्ह नाही. तो सगळा पैसा चष्म्यांना. डोळ्यांचे डॉक्टर सकाळी नऊला येतील, तपासणी फुकट, आणि ज्याला नंबर निघेल त्याला चष्मा संघाकडून. पाहुण्यांना आम्ही आधीच कळवलंय की त्यांचाही सत्कार नाही. ते आनंदानं हो म्हणाले.

त्या दिवशीची पत्रकं छापून झाली आहेत. सोमवारच्या अंकात घालायची म्हणून गठ्ठा तुमच्या सेंटरवर रविवारी रात्रीच पोचवतो. भरायला या वेळी आम्हीही येतोय, आम्ही पाचजण, पहाटे साडेतीनला. पुरवणीत पत्रक कसं सरकवायचं ते एकदा दाखवा.

तुमचा जुना चष्मा आणि नंबरचा कागद असला तर १५ तारखेला बरोबर घेऊन या. डॉक्टरांनी पहिलं नाव तुमचं लिहून घेतलंय.

तुमचा,
कार्यवाह, पत्रकार संघ
सांगली