भट्टीचा कोड आणि न जुळणारे सुटे भाग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगावातल्या उद्यमबाग आणि मच्छे परिसरात ओतकाम, यंत्रभाग आणि हीट ट्रीटमेंटचे अनेक लहान कारखाने आहेत. भट्टीच्या पॅनेलमधला एखादा भाग बिघडला की आम्ही बेळगावच्या, नाही तर कोल्हापूरच्या बाजारातून दुसरा आणून बसवतो आणि काम पुढे नेतो. तो भाग जुन्याशी जुळत नसेल तर पॅनेलच्या पडद्यावर येणारा बिघाडाचा कोड कसा फसवतो, हे मी स्वतःच्या भट्टीवर पाहिले आहे. इतर कारखानदारांना उपयोग व्हावा म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमची डाय स्टील कडक करण्याची विजेची भट्टी साधारण 1020 अंश सेल्सिअसवर चालते आणि तिच्यात प्लॅटिनमचा, म्हणजे ‘एस’ प्रकारचा थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेला तापमान मोजणारा भाग) आहे. थर्मोकपलचे वाचन घेऊन हीटर चालू-बंद करणारा जुना कंट्रोलर जळाल्यावर त्याच मापाचा नवा आणला. भोकात नीट बसला, तारा जुळल्या आणि सकाळी थंड भट्टीचे तापमान 29 अंश दाखवू लागला. वायरमनने थर्मोकपलची दोन टोके शॉर्ट करून पाहिली, तरीही 29 च आले. सगळे ठीक आहे असे आम्ही धरून चाललो. प्रत्यक्षात तो कंट्रोलर कारखान्यातून ‘के’ या दुसऱ्या, निकेलच्या थर्मोकपलच्या प्रकारावर ठरवून आला होता. थर्मोकपल फक्त भट्टी आणि पॅनेल यांच्या तापमानातला फरक सांगतो आणि पॅनेलचे तापमान कंट्रोलर स्वतः त्यात मिळवतो; म्हणून थंड असताना कोणताही प्रकार लावला तरी खोलीचेच तापमान दिसते, त्यामुळे या दोन्ही तपासण्यांत ही चूक सापडणे शक्यच नव्हते.

भट्टी चालू केल्यावर थोड्याच वेळात ‘एल बी ए’ हा कोड आला. पुस्तिकेत त्याचा अर्थ ‘लूप ब्रेक’ असा होता आणि आम्ही तो ‘हीटरचे सर्किट तुटले’ असा घेतला. कॉन्टॅक्टर (हीटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) बदलला, हीटरची तार तपासली, तरी कोड जाईना. वास्तविक तिन्ही फेजमध्ये पूर्ण करंट जात असल्याचे अँमीटर दाखवत होता, म्हणजे हीटर शाबूत होता. कोडचे म्हणणे एवढेच होते की मी पूर्ण ताकदीने तापवायला सांगतो आहे, पण मला दिसणारे तापमान त्या मानाने चढत नाही. 1000 अंशांना ‘के’ थर्मोकपल सुमारे 41.3 मिलिव्होल्ट देतो, तर ‘एस’ फक्त 9.6. त्यामुळे भट्टी शंभर अंशांना पोचली तरी पडदा चाळिशीतच रेंगाळतो आणि भट्टी हजारावर गेली तरी तो अडीचशेच्या आसपास असतो.

इथे माझ्याकडून मोठी चूक झाली. ऑर्डरची घाई होती म्हणून मीच तो अलार्म बंद करायला सांगितले. पंचवीस वर्षे भट्टीवर काम केलेले आमचे एक काका दाराच्या भोकातून आत पाहून धावत आले आणि म्हणाले, “मालक, अडीचशेला कुठं लोखंड लाल होतंय?” आतला उजेड लालही राहिला नव्हता, पिवळा पडला होता. त्यांनी मेन स्विच खाली ओढला म्हणून निभावले. तरी वरची हीटरची तार ओघळून विटेला चिकटली होती आणि आतले ठोकळे खवल्यांनी भरले होते. कोणाला इजा झाली नाही, हे आमचे भाग्य.

शेजारच्या एका कारखान्यात असाच घोळ थर्मोकपलपासून पॅनेलपर्यंत जाणाऱ्या केबलमुळे झाला. आपल्या वायरमनच्या हाताला लाल म्हणजे पॉझिटिव्ह अशी सवय असते. थर्मोकपलच्या अमेरिकी पद्धतीच्या केबलमध्ये मात्र लाल तार नेहमी निगेटिव्ह असते, तर जुन्या जर्मन पद्धतीत तीच पॉझिटिव्ह असते आणि दोन्ही तऱ्हेच्या केबल बाजारात मिळतात. ‘के’ची केबल दोन्ही टोकांना उलटी जोडली गेली, थर्मोकपलच्या डोक्यापाशी 70 अंश आणि पॅनेलपाशी 30 अंश असतील, तर वाचन सुमारे 80 अंशांनी कमी येते. अशा वेळी कोडही येत नाही, भट्टी निमूटपणे जास्त तापत राहते. मला हा प्रकार अधिक धोक्याचा वाटतो.

म्हणून विक्रेत्यांना माझी कळकळीची विनंती आहे की बिलावर नुसते ‘थर्मोकपल 1 नग’ किंवा ‘कंट्रोलर 1 नग’ न लिहिता प्रकार लिहावा आणि कंट्रोलर देताना तो कोणत्या प्रकारावर ठरवलेला आहे हे गिऱ्हाइकाला सांगावे. पुस्तिका इंग्रजीत असतात आणि भट्टीवरचा कामगार मराठी किंवा कन्नड वाचतो. कोडचा अर्थ त्याला त्याच्या भाषेत मिळायला हवा. उद्यमबागेतच अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, मच्छे येथे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. तिथल्या अध्यापकांनी आणि उद्योजकांच्या संघटनांनी मिळून वायरमन व भट्टी चालवणाऱ्यांसाठी अर्ध्या दिवसाचा वर्ग घेतला, तर माझ्या कारखान्यातले सगळे येतील आणि ती जळलेली तारही मी दाखवायला घेऊन येईन.

आमच्या पॅनेलच्या दारावर आता मराठी आणि कन्नडमध्ये रंगाने लिहिले आहे : थर्मोकपल एस, कंट्रोलर एस, केबल नारिंगी (‘एस’च्या केबलचा रंग). त्याखाली शेवटचा भाग कोणत्या तारखेला बदलला तेही खडूने लिहिले जाते. कोड आला की आम्ही आधी ती तारीख पाहतो.

आपला,
एक लघुउद्योजक, उद्यमबाग, बेळगाव