शनिवारचं टेस्ट स्क्रीनिंग, सगळ्यांनी वाचा

मंडळी, शनिवारी दुपारी ३ वाजता एडिटिंग लॅबमध्ये सगळ्या ग्रुपच्या फिल्मचे रफ कट (म्हणजे कच्चं एडिटिंग) आणि पोस्टर दाखवायचेत, फायनल सबमिशन पुढच्याच शुक्रवारी आहे म्हणजे बदल करायला जेमतेम सहा दिवस, त्यामुळे 'अजून रेंडर होतंय' (म्हणजे व्हिडिओची फाइल अजून तयार होतेय) चालणार नाही.

- प्रत्येक ग्रुपने ५ प्रेक्षक आणायचे, आपल्या वर्गातले नकोत. कॅन्टीनवाले काका, कॉमर्सची पोरं, कोणीही. पाचच का, तर वेबसाइट वापरायला सोप्या कशा करायच्या यातला तज्ज्ञ याकोब नील्सन याने २००० मध्येच लिहिलंय की वेबसाइट ५ जणांना वापरायला दिली तरी बहुतेक चुका सापडतात, आपल्यालाही तेवढे पुरे.
- 'आवडलं का?' विचारू नका, सगळे हो म्हणतात. गोष्ट काय कळली, कुठे कंटाळा आला ते विचारा. पोस्टर ५ सेकंद दाखवून झाका आणि काय आठवतंय विचारा. मागच्या वेळी आमच्या पोस्टरवरची फुलं सगळ्यांना आठवली, नाटकाची तारीख एकालाही नाही, पिवळ्यावर पांढरी अक्षरं केली होती ना!
- प्रेक्षक बोलताना डायरेक्टरने गप्प बसायचं. खुलासे नकोत. एकाने टाइमकोडसकट (फिल्मच्या कितव्या मिनिट-सेकंदाला ते) लिहून घ्यायचं.

एकटाच कोणी काही बोलला तर एकवेळ सोडा, पण तिघं त्याच सीनला अडखळले तर तो बदलायचाच. फॉर्म मी छापून आणते, पेन आपापलं आणा.