स्टीमव्हीलर्सची टोपी

पुणे, ९ ऑगस्ट

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

माळा आवरताना मी दिलेली जुनी टोपी सापडली आणि तिच्यावरचे ‘क्वाड सिटी स्टीमव्हीलर्स’ हे नाव वाचून ती एखाद्या बोट कंपनीची असावी असे तुला वाटले, हे वाचून हसू आले. तुझा तर्क अगदीच चुकलेला नाही. मिसिसिपीच्या एका तीरावर आयोवातील डॅव्हनपोर्ट आणि बेटेनडॉर्फ, तर दुसऱ्या तीरावर इलिनॉयमधील रॉक आयलंड आणि मोलीन, अशा या जोडगावांना क्वाड सिटीज म्हणतात. नदीतून पूर्वी चालणाऱ्या वाफेच्या चाकबोटींवरून तिथल्या फुटबॉल संघाचे हे नाव पडले. डिअर कंपनीचे मुख्यालय मोलीनला आणि तिचा ट्रॅक्टरचा कारखाना आपल्या सणसवाडीला, म्हणून माझे तिकडे जाणे झाले, हे तुला ठाऊकच आहे.

या संघाचा खेळ म्हणजे बंदिस्त सभागृहात खेळला जाणारा अमेरिकन फुटबॉल, ज्याला अरिना फुटबॉल म्हणतात. मैदान नेहमीच्या निम्मे, म्हणजे ५० यार्डांचे, आणि एका बाजूला अकराऐवजी आठच खेळाडू. गोलखांबांच्या दोन्ही बाजूंना उंच जाळी ताणलेली असते आणि तिच्यावर आदळून परतलेला चेंडू खेळातच राहतो, त्यामुळे चुकलेली लाथही कधी कधी फळते. सीमारेषेच्या जागी गादी लावलेली, जेमतेम छातीपर्यंत येणारी भिंत असते. एका सामन्यात माझ्या शेजारच्या आजोबांच्या मांडीवर भिंतीवरून एक धिप्पाड गडी येऊन कोसळला. त्यांचे पॉपकॉर्न उधळले, गड्याने “सॉरी, सर” म्हटले आणि पुन्हा भिंत ओलांडून तो खेळायला गेला. आजोबा मात्र उरलेला सामना त्याच्याच नावाने ओरडत होते.

या खेळाचे जनक जिम फॉस्टर यांनीच हा संघ उभा केला. सन २००० मध्ये मुख्य अरिना लीगखालची ‘एएफ२’ ही दुय्यम लीग १५ संघांनिशी सुरू झाली, आणि त्या पहिल्याच हंगामात स्टीमव्हीलर्सनी साखळीतील सोळाच्या सोळा सामने जिंकून अंतिम लढतीत टेनेसी व्हॅली व्हायपर्सना ६८-५९ असे हरवले. पुढच्या वर्षी रिचमंड स्पीडला ५५-५१ असे नमवून त्यांनी करंडक राखला. तो काळही तसाच होता: आयोवाच्या अरिना संघातून पुढे आलेला कर्ट वॉर्नर, जो त्याआधी किराणा दुकानात फळ्यांवर माल लावत असे, २००० च्या जानेवारीत सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा सर्वांत मोठा सामना, जिंकून बसला होता, आणि सामन्यामागे साधारण २०० डॉलरवर खेळणाऱ्या या पोरांना आपलीही पाळी येईल असे वाटू लागले होते. बहुतेकांची दिवसा दुसरी नोकरी असे.

माझ्या मते संघाचे दुर्दैव इतकेच की सर्वोत्तम ते सारे आधीच घडून गेले. नंतरच्या आठ वर्षांत तिसरा करंडक काही आला नाही. लीग मात्र हावरटासारखी पसरली. २००२ पर्यंत ३४ संघ झाले, आणि आज आला, उद्या बंद पडला असे गावोगावी होऊ लागले. पुढे २००८ च्या अखेरीस मुख्य लीगने आपला पुढचा हंगामच रद्द केला. एएफ२ ची निम्म्याहून किंचित अधिक मालकी तिच्याकडे होती. धाकटी लीग २००९ चा हंगाम कसाबसा खेळली, पण सप्टेंबरात पुढच्या वर्षासाठी एकाही संघाने हमी दिली नाही आणि तिचा गाशा गुंडाळला गेला. दहाही वर्षे टिकलेला आमचा संघ मैदानावर हरून नव्हे, तर खेळायला लीगच न उरल्यामुळे संपला.

२०१८ मध्ये मोलीनच्या त्याच सभागृहात त्याच नावाचा नवा संघ उतरला. सभागृहाचे नावही मधल्या काळात द मार्क, आय वायरलेस, टॅक्सस्लेयर असे बदलत गेले आणि आता ते व्हायब्रंट अरिना आहे. नवे गडी चांगले खेळत असतील, पण तुझ्याकडची टोपी त्यांची नव्हे; ती २००१ ची आहे, आणि तिच्या शेंड्यावरचा तेलकट डाग त्या आजोबांच्या पॉपकॉर्नचा आहे. तेव्हा धुवायला टाकू नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत