चि. मधुराला, शोधनिबंधाबद्दल

नागपूर

चि. मधुरा,
अनेक आशीर्वाद.

फोन ठेवल्यापासून तुझ्या विषयाचाच विचार करतेय. ‘नागपूरच्या गिरण्यांचा इतिहास’ ऐकायला छान वाटतं गं, पण एका शोधनिबंधात ते मावायचं नाही. मुख्य म्हणजे त्यात प्रश्नच नाही. एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली, हे कुणीही सांगेल. पण 1886 मध्ये तिथे पेन्शन फंड आला, 1895 मध्ये अपघाताची भरपाई आली, त्यातलं बदली कामगाराच्या, म्हणजे कायमचा माणूस गैरहजर असेल त्या दिवशीच काम मिळणाऱ्याच्या, हाती काय पडलं? असं विचारलंस की कुठले कागद बघायचे आणि कुठले सोडायचे, ते आपसूक ठरतं.

कंपनीच्या दप्तरात योजना सापडतील. त्या कुणापर्यंत पोचल्या नाहीत, हे दप्तर सहसा सांगत नाही. म्हणून दुसरी बाजू शोध. 1908 चं नागपूर जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे सरकारी माहितीग्रंथ, आहे. ‘हितवाद’ या वर्तमानपत्राचे जुने अंक बघ, पण तो 1911 चा, त्याआधीचं त्यात मिळणार नाही. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावरच्या प्रबंधांची संदर्भसूची आधी वाच, निम्मी वाट तिथेच सापडते. गिरणीत राबलेली माणसं अजून शहरात आहेत. शेवटच्या काळात बदलीवर कसं घेत, ते त्यांनाच विचार. मात्र रेकॉर्डिंगआधी परवानगी घे.

टिपण काढताना कागदाच्या वरच्या कोपऱ्यात आधी पुस्तक, आवृत्ती, पान लिही, मजकूर नंतर. जसंच्या तसं उतरवलेलं अवतरणचिन्हांत आणि तुझं मत वेगळ्या शाईत. महिन्याभराने कुठलं वाक्य कुणाचं ते आठवत नाही, आणि चांगली हुशार मुलंही वाङ्मयचौर्यात अडकतात ती इथेच. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांत दुसऱ्याच्या मजकुराशी 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, पण त्या आकड्यावर विसंबू नकोस. दुसऱ्याचा विचार नाव न घेता वापरला, तर शब्द बदलूनही ती चोरीच.

लिहायला मधल्या भागापासून बस. प्रस्तावना मागाहून, सारांश सगळ्यात शेवटी. पुरावा तुझ्या अंदाजाच्या उलट निघाला तर बेटा, अंदाज सोडून दे आणि तसं निबंधात स्पष्ट लिही. मला तर असेच निबंध वाचावेसे वाटतात.

रविवारपर्यंत तुझा प्रश्न एका वाक्यात लिहून पाठव. सरांना दाखवण्याआधी मला वाचायचाय.

तुझी,
आई